गप्पी माशाचा मेंदू



आपल्या नंदुरबार जिल्ह्यात हिवतापाचे डास आटोक्यात ठेवण्यासाठी हौदांत, डबक्यांत गप्पी मासे सोडतात, हे आपणांस ठाऊक आहेच. हा मासा मूळचा त्रिनिदाद व दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला.

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी निवड करून मोठ्या मेंदूच्या व लहान मेंदूच्या गप्पींचे दोन वाण तयार केले. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोठ्या मेंदूच्या माद्या संख्या ओळखण्यात सरस ठरल्या. पण त्या वाणात आतडे लहान झाले, पिल्लेही कमी झाली. मेंदू हा फार खर्चिक अवयव! पुढे शिकारी माशांच्या सोबत ठेवल्यावर मात्र याच माद्या अधिक संख्येने वाचल्या. म्हणजे हा खर्च परवडतो की नाही, ते भोवतालची परिस्थिती ठरवते.

जोडीदारासाठीची चढाओढही त्यात येते. आइसलंडच्या मीवात्न सरोवरातील स्टिकलबॅक माशात नराचा मेंदू मादीपेक्षा सुमारे २३ टक्के जड भरला. तेथे घरटे बांधणे, नाचून मादीला बोलावणे, अंडी राखणे, सारे नराकडे. त्यासाठीच मेंदू वाढला असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

हे ऐकून कोणी मुलीचे दप्तर काढून घेऊ नये! आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात सिक्लिड माशांच्या ज्या जातींत मादी एकटीच पिल्ले सांभाळते, तेथील माद्यांचे मेंदू, नर-मादी मिळून सांभाळणाऱ्या जातींतील माद्यांपेक्षा मोठे आढळले.

विद्यार्थ्यांनी हौदाशी (विहिरीशी नव्हे) जरा वेळ बसावे. लहान व रंगीत तो नर. मोठी, करडी ती मादी. नर तिच्याभोवती सारखे घिरट्या घालताना दिसतील.