मोजणीवाले आले, तर खोल्याही मोजायला सांगा



चाकण, रांजणगाव, शिरवळ या कारखान्यांच्या पट्ट्यात गावं झपाट्यानं वाढली. अशा ठिकाणी मोठ्या इंजिनिअरिंग कंपन्या आपलं विभागीय कार्यालय थाटतात. रस्ते, गटारं, नळपाणी योजना यांची मोजणी, नकाशा आणि अंदाजपत्रक तयार करण्याचं काम सरकारी खाती त्यांना देतात. गावात तीन पायांचं यंत्र घेऊन मुलं फिरताना दिसली, की ती बहुतेक अशाच कार्यालयातली असतात.

त्यांचा आपल्या हंड्याशी काय संबंध? फार मोठा आहे.

जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झालं. त्यात माणशी रोज किमान ५५ लिटर पाणी धरलं आहे. पण माणसं किती धरायची? इंजिनिअर जनगणनेचा आकडा घेतात आणि पुढची वाढ हिशेबानं काढतात. आपल्याकडची शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची त्या वर्षी झालीच नाही. मधल्या काळात आपल्या गावात भाड्याच्या किती खोल्या उठल्या, हे त्या कागदात नाही.

समजा, योजना हजार माणसांची केली. रोजचं पाणी झालं ५५ हजार लिटर. त्यात सहाशे भाडेकरू वाढले, तर माणशी उरतं जेमतेम ३४ लिटर. टाकी आणि पाइप एकदा बसले, की पुढं पुष्कळ वर्षं तेच. मग भांडण जुंपतं नळावर, घरमालकीण आणि भाडेकरणीत. खरी चूक असते कागदावर.

ही चूक आधीच धरता येते. बचत गटाच्या बैठकीत वही काढा. आळीवार लिहा: घरं किती, भाड्याच्या खोल्या किती, माणसं किती. चैत्र-वैशाखात कोणती विहीर, कोणता बोअर आटतो? उंचावरच्या कोणत्या वस्तीला पाणी चढत नाही? हे पाणी भरणाऱ्या बाईइतकं कुणाला ठाऊक असणार?

ही यादी अर्जासोबत ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. एक प्रत जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाला द्या. कंपनी फक्त आराखडा करते, मंजुरी सरकारी खात्याची असते. म्हणून नुसतं मोजणीवाल्या मुलांना सांगून भागत नाही. पण त्यांनाही जरूर सांगा. चांगला इंजिनिअर अशी माहिती टाळत नाही.

गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामसभेआधी महिला सभाही घ्यायची असते. तिथं एकच प्रश्न विचारा: "हा आराखडा किती माणसांचा धरलाय?" आकडा मोठ्यानं वाचून घ्या आणि आपल्या वहीशी ताडून पाहा. फरक निघाला, तर तो ठरावात लिहून घ्या.

आणि हो, भाडेकरू बायकांनाही त्या सभेला सोबत न्या. पाणी त्यांनाही लागतंच की!