दोघांना अडवणाऱ्याची मजुरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला मजुरीच्या प्रश्नावर बोला असे सांगितले, आणि आम्ही विषय निवडला तो अमेरिकेतल्या फुटबॉलचा. कोट्यवधी डॉलर घेणारे ते गडी, त्यांची कसली आली मजुरी, असे काही जणांच्या मनात आले असेल. पण मजुरी ठरते कशी हे पाहायचे, तर जेथे कराराचे आकडे वर्तमानपत्रांत येतात आणि कामाची क्षणन् क्षणाची चित्रफीत निघते, असे दुसरे क्षेत्र आम्हांला तरी ठाऊक नाही. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. जे काही शिकलो ते कराराचे मसुदे वाचता वाचता. त्याच सवयीने हेही वाचले.

तिकडचा फुटबॉल पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात. प्रत्येक बाजूला अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचे. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गड्यांची भिंत. त्या भिंतीसमोर बचावाची पहिली फळी, तीन किंवा चार जणांची. भिंत फोडून क्वार्टरबॅकला चेंडूसकट आडवा करायचा, हे या फळीचे डोळ्यांत भरणारे काम. त्याला 'सॅक' म्हणतात. 1982 पासून सॅकची अधिकृत मोजणी होते. दोघांनी मिळून पाडले तर अर्धा अर्धा सॅक, इतका काटेकोर हिशेब!

हा हिशेब म्हणजे आपल्याकडची नगावारी मजुरी. आम्ही यंत्रमाग कामगारांत वावरलो. कापड किती निघाले ते मोजता येते. तुटलेले सूत वेळीच सांधले म्हणून जे कापड बिघडले नाही, ते कोणी मोजत नाही. फळीच्या मध्यावर जो सर्वांत जाड गडी उभा असतो, त्याची गत अशीच आहे. समोरचे दोघे मिळून त्याला ढकलतात, तो जागचा हलत नाही, आणि दोघे त्याच्यात गुंतले म्हणून कडेचा साथीदार मोकळा सुटून सॅक घेतो. टाळ्या साथीदाराला, आकडा त्याच्या नावावर, आणि पुढे करारही त्याचाच मोठा. उलट बाजूही आहे. 2001 च्या हंगामात मायकेल स्ट्रॅहनने साडेबावीस सॅकचा विक्रम केला. त्यातला शेवटचा सॅक पाहणाऱ्या पुष्कळांचे मत असे पडले, की क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह आपण होऊनच खाली बसला. वहीत मात्र तो इतरांसारखाच एक सॅक.

क्लबांचे लोक अर्थात एवढे भोळे नाहीत. एकेक डाव ते पुन्हापुन्हा पाहतात. गेल्या दहा-बारा वर्षांत गड्यांच्या खांद्यांवरील कवचात यंत्राची चकती बसवलेली असते. गडी अडीच सेकंदांत समोरच्यावर मात करतो की नाही, किती वेळा त्याच्यावर दोघे धावून आले, क्वार्टरबॅकला घाईने चेंडू फेकावा लागला का, हे सारे त्यावरून काढता येते. अदृश्य काम दिसू लागले, हे चांगलेच झाले. पण वजनकाटा मालकाचा असला की काय होते, हे या सभेत निराळे सांगायला नको.

आता पैसा येतो कोठून ते पाहू. 1994 पासून प्रत्येक क्लबच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा आहे. ती तेव्हा 3 कोटी 46 लाख डॉलर होती, 2025 साली 27 कोटी 92 लाख. म्हणजे एकाचा करार फुगला की दुसऱ्याच्या ताटातले कमी होते. मालकाचा गल्ला राहतो बाजूला आणि कामगार कामगाराकडे डोळे वटारून पाहतो! दुसरे असे की, कराराचा जो आकडा मथळ्यात छापतात तो बहुधा खरा नसतो. खरी रक्कम हमीची. उरलेली वर्षे क्लबला वाटले तर.

2009 साली वॉशिंग्टनच्या क्लबने अल्बर्ट हेन्सवर्थला सात वर्षांचा, 10 कोटी डॉलरांचा करार दिला. हमी 4 कोटी 10 लाखांची. टेनेसीत भिंत फोडून आत घुसण्याचे जे काम तो करीत असे, त्याची ही किंमत होती. पुढच्याच वर्षी नवा प्रशिक्षक आला, रचना बदलली, आणि त्याला मध्ये उभे राहून दोघांना अंगावर घ्यायला सांगितले. त्याने ते मानले नाही. भांडण झाले, शेवटचे चार सामने त्याला बिनपगारी बसवले, 2011 मध्ये दुसरीकडे धाडले. लोक गड्याला नावे ठेवतात. तो अगदी निर्दोष होता असे आम्हीही म्हणत नाही. पण विणकर म्हणून घेतलेल्या माणसाला हमालीला लावले, तर पहिला प्रश्न कोणाला विचारावा?

हुद्द्याचा तंटाही तेथे होतो. क्लबला एखाद्या गड्याला एक वर्ष अडकवून ठेवता येते. मात्र त्या जागेवरच्या वरच्या पाच पगारांची सरासरी द्यावी लागते. 2008 साली बाल्टिमोरने टेरेल सग्जची नोंद दुसऱ्या फळीतला म्हणून केली. तो म्हणाला, मी पहिल्या फळीतच जास्त उभा असतो. फरक सुमारे 8 लाख डॉलरांचा. तक्रार दाखल झाली आणि मधल्या आकड्यावर तडजोड ठरली. असल्या तडजोडी आम्ही आयुष्यभर केल्या, फक्त शून्ये कमी होती.

हे हक्क कोणी दान दिलेले नाहीत. 1987 साली खेळाडूंच्या संघाने संप केला. मालकांनी बदली गडी उभे करून सामने चालवले आणि 24 दिवसांत संप मोडला. मग लढा न्यायालयात नेला. ज्या दाव्यातून 1993 साली क्लब बदलण्याची मोकळीक मिळाली, त्याच्यावर नाव होते रेजी व्हाइटचे, म्हणजे पहिल्या फळीतल्याच गड्याचे. तो त्याच वर्षी ग्रीन बे पॅकर्सकडे चार वर्षांसाठी 1 कोटी 70 लाख डॉलरांवर गेला. (हा क्लब एका धनिकाचा नाही, हजारो भागधारकांचा आहे, आम्हांला त्याचे विशेष कौतुक.) लॉस एंजेलिसच्या ॲरन डोनल्डने 2017 आणि 2018 मध्ये जुन्या करारावर सरावाला यायचेच नाकारले. एकट्याचा संपच तो! अखेर सहा वर्षांचे 13 कोटी 50 लाख, त्यांत 8 कोटी 70 लाखांची हमी मिळाली. त्या हंगामात मधल्या जागेवरून, दोघांशी झुंजत, त्याने साडेवीस सॅक केले. दोन्ही कामे एकाच अंगात असलेला माणूस विरळा, म्हणूनच त्याच्या एकट्याच्या संपाला बळ होते.

ऑगस्ट 2025 मध्ये त्याच ग्रीन बेने डॅलसकडून मायका पार्सन्सला घेतले आणि चार वर्षांना 18 कोटी 80 लाख डॉलर दिले. त्या सौद्यात डॅलसला काय मिळाले? नव्या गड्यांच्या निवडीतले पहिल्या फेरीचे दोन हक्क, आणि केनी क्लार्क, मध्यावर उभा राहून दोघांना अडवणारा. डिसेंबरात पार्सन्सच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि त्याचा हंगाम तेथेच संपला. सही करतानाच पक्की झालेली 12 कोटींची हमी मात्र जशीच्या तशी राहिली.