ख्रिसमस ट्री कचऱ्यात? थांबा!

नाताळ संपला, आता कुंडीतल्या ख्रिसमस ट्रीचं काय? आपल्या मांजरीजवळ, सोलापूर रोडच्या नर्सरींत मिळतो तो बहुतेक वेळा अरोकेरिया. मुळासकट जिवंत झाड! मी सॉफ्टवेअरवाला, चालू सिस्टिम कुणी डिलीट करतं का?

आधी लाइटची माळ, कापूस काढा. कुंडी उजेडाच्या गॅलरीत ठेवा, एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हापासून जपा. वरची माती सुकली की पाणी द्या. शेंडा छाटू नका, झाडाचा आकार जातो. वाळलेल्या फांद्या बारीक करून कंपोस्टमध्ये टाका.

सोसायटीत भिंतीजवळ, तारांखाली लावू नका. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या बेटांवर हे झाड ५० मीटरही वाढतं. कुंडीतच सांभाळलंत, तर पुढच्या डिसेंबरला नवीन झाड घ्यायलाच नको. भेटू पुढच्या भागात!