तेवीस गळे, एक ओवी

आजचा भाग दौलताबादमध्ये रेकॉर्ड करतोय. मागे गलका ऐकू येतोय तो किल्ला उतरलेल्या शाळेच्या सहलीचा, तेवढा चालवून घ्या.

विषय असा : कवितेला चाल लावायची, पण एका गायकासाठी नाही, समूहासाठी. आम्ही २३ जण, बहुतेक आयटीवाले, दर रविवारी एकत्र गातो. सध्या आमच्यातल्या एकीच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या बसवतोय. आजी ८१ वर्षांच्या आहेत, एका कानानं कमी ऐकू येतं, आणि कार्यक्रमाला त्या पहिल्या रांगेत असणार. त्यांना त्यांचेच शब्द ओळखू आले नाहीत तर काय गायलो आपण?

आता दौलताबाद का? कारण हे गाव देवगिरी होतं तेव्हा, १३व्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. नोकरी हिशेबाच्या दप्तरात, आणि लिहिला काय, तर ‘संगीतरत्नाकर’! (नोकरी सांभाळून छंद करणाऱ्यांचा आद्यपुरुष म्हणा.) त्यात समूहगायनाची चक्क मोजणी आहे. उत्तम वृंद म्हणजे ४ मुख्य गायक, ८ साथीचे गायक, १२ गायिका, ४ बासरीवाले, ४ मृदंगवाले. एकूण ३२.

पुढे तो वृंदाचे सहा गुण सांगतो. मुख्य गायकामागून जाणं, आवाज एकमेकांत मिसळणं वगैरे. माझा आवडता गुण म्हणजे ‘मिथस्त्रुटितनिर्वाह’. एकाचं तुटलं तर दुसऱ्यानं सावरायचं. एक सर्व्हर पडला की दुसरा भार उचलतो ना, अगदी तसं.

चाल लावणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. एकटा गायक ओळीत कुठेतरी श्वास घेणारच, आणि ती जागा चुकली की अर्थ तुटतो. समूहात प्रत्येकानं वेगळ्या जागी श्वास घ्यायचा, ओळ अखंड राहते. गंमत म्हणजे जात्यावर हे आधीपासून होतंच. दोघी समोरासमोर बसलेल्या, एकीनं ओळ म्हटली की दुसरीनं पुढची उचलायची. परवा आजींना फोनवर ओवी ऐकवली, तर म्हणाल्या, “थांबू नका रे मधी, जातं थांबतं का?” तेव्हापासून शेवटचा शब्द विरायच्या आत दुसरी फळी पुढची ओळ सुरू करते.

दुसरा प्रश्न ऱ्हस्व-दीर्घाचा. ‘दिन’मधल्या ‘दि’वर लांब स्वर ठेवलात की त्याचा ‘दीन’ होतो. एकटा गायक हरकत घेऊन निभावून नेतो. २३ जणांनी मिळून ताणलं की दिवसाचा गरीबच होणार. म्हणून मी चाल सुचण्याआधी ओळ नुसती बोलून बघतो, लघु-गुरू मांडतो, मगच पेटी उघडतो.

आणि जोडाक्षरं! २०२३मध्ये राज्यगीत झालेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ घ्या. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची, आवाज शाहीर साबळे यांचा. भावगीतांत खळे किती अवघड वळणं घ्यायचे! इथं मात्र चाल ठेक्यावर सरळ चालते, म्हणून मैदानावरची पाचशे मुलंही सोबत राहतात. तरी ‘ष्ट्र’ पाशी नीट ऐका, एकाच अक्षराची फुसफुस मागे-पुढे होत राहते. यावर पाश्चात्त्य क्वायरमधली युक्ती आम्ही उचलली आहे : ‘स’, ‘ष’ चारपाच जणांनीच स्पष्ट म्हणायचा, बाकीच्यांनी आधीचा स्वर धरून ठेवायचा.

एका बाबतीत मात्र माझं शार्ङ्गदेवाशी जमत नाही. त्याच्या हिशेबात चाल भक्कम आणि शब्द कच्चे असतील तर तो रचनाकार मध्यम; शब्द सुंदर आणि चाल मंद असेल तर अधम. दरबारातल्या जाणकारांपुढे हे ठीक असेल. पण जात्यावरच्या बाईला चाल चार स्वरांची पुरली आणि सांगायचं तर आयुष्यभराचं होतं. तिला अधम म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुम्हाला काय वाटतं, कळवा. पुढच्या भागात तालमीचं रेकॉर्डिंग लावतो.