कण्याची दुखापत आणि शेजारधर्म

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव, मध्ये पळसाच्या झाडावर फडकणारा झेंडा आणि दोन्ही बाजूंनी दगडांचा वर्षाव. त्या दिवशी माणसे जखमी होणार हे सर्वांस आधीच ठाऊक असते. म्हणून डॉक्टर, रुग्णवाहिका व मलमपट्टी यांची तजवीज अगोदर केलेली असते. बहुतेकांची जखम पंधरा-वीस दिवसांत भरून येते आणि माणूस पुन्हा कामास लागतो.

परंतु एक दुखापत अशी आहे की तिच्यासाठी दिवस ठरलेला नसतो आणि तिची तजवीजही कोणी करून ठेवलेली नसते. एखादे मूल आंब्याच्या झाडावरून पडते, कठडा नसलेल्या विहिरीत किंवा गच्चीवरून खाली कोसळते, अथवा मोटारसायकलीच्या अपघातात सापडते. हाडे जुळतात, वरची जखम भरते. पण कण्याच्या आतून मेंदूपासून खाली उतरणारा मज्जारज्जू दुखावला असेल तर पाय हलत नाहीत, कमरेखालच्या शरीरास स्पर्श कळत नाही, लघवी व शौच यांवरील ताबा जातो. दुखापत मानेजवळ असेल तर हातही दुबळे होतात. लहान मुलांचा कणा मोठ्यांपेक्षा लवचीक असतो. त्यामुळे कधी कधी क्ष-किरणाच्या चित्रात मोड दिसत नाही आणि आतील रज्जू मात्र इजा पावलेला असतो. पूर्णपणे तुटलेला मज्जारज्जू पुन्हा सांधणारे औषध वैद्यकास अद्याप सापडलेले नाही.

मग नागपूरच्या रुग्णालयातून मूल घरी येते. पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तहसिलींतील माणसांस मोठ्या दुखण्यासाठी नागपूरच जवळचे. शस्त्रक्रिया तेथे होते, पण तेथील डॉक्टरांचे काम जेथे संपते तेथून घरातील माणसांचे काम सुरू होते.

हे काम काय असते ते नीट समजून घेतले पाहिजे. ज्या त्वचेस स्पर्श कळत नाही ती एकाच जागी दबून राहिली तर काही तासांत लाल होते, पुढे फाटते, आणि ती जखम हाडापर्यंत जाऊ शकते. म्हणून अंथरुणावरील मुलाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. रात्री दहाला, बाराला, दोनला आणि चारलाही. दिवसातून अनेक वेळा ठरलेल्या वेळी स्वच्छ नळीने लघवी काढावी लागते. त्यात हयगय झाली तर विकार मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय रोज हलवावे लागतात. वाढत्या वयाच्या मुलाचा कणा वाकडा होण्याचा धोका असतो, म्हणून त्याला नीट बसविणे आणि वेळोवेळी तपासून घेणे आवश्यक असते. वैशाखातील उन्हाळा तर अशा मुलास विशेष घातक. दुखापतीच्या खालच्या भागास पुरेसा घाम येत नाही आणि अंग तापत जाते. तापलेली फरशी किंवा गरम पाण्याची पिशवी त्याला भाजते, पण भाजल्याचे त्याला कळत नाही. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत दुखापत असलेल्या मुलाचे डोके एकाएकी ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढला आहे असे समजावे. त्याला ताबडतोब उठवून बसवावे, लघवीची नळी तुंबली आहे का ते पाहावे आणि वेळ न दवडता डॉक्टरांस गाठावे.

या सेवेचे मोल किती आहे हे लुडविग गुटमन यांच्या कार्यावरून कळते. नाझी राजवटीस कंटाळून इंग्लंडात आलेल्या या जर्मन डॉक्टरांनी १९४४ साली स्टोक मँडव्हिल येथे कण्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. त्यापूर्वी असे रुग्ण बहुधा पाठीच्या जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या विकाराने लवकरच दगावत. गुटमन यांनी नवे औषध आणले नाही. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, रुग्णाची कूस बदललीच पाहिजे असा दंडक त्यांनी घातला, लघवीच्या बाबतीत स्वच्छतेचा आग्रह धरला आणि रुग्णांस खेळावयास व काम करावयास लावले. रुग्ण जगू लागले. जे काम तेथे पाळीपाळीने परिचारिका करीत, तेच काम आपल्याकडे एकटी आई करते. तिला पाळी नाही, सुटी नाही. तिची झोप मोडत गेली, तिला ताप आला किंवा तिची कंबर धरली, तर मुलाचे औषधच बंद पडले असे समजावे. यास्तव त्या आईस विसावा देणे हा मुलाच्या उपचाराचाच भाग होय.

येथे शेजारधर्माचा प्रश्न येतो. आपल्या गावांत माणुसकी नाही असे कोणी म्हणणार नाही. अपघात झाल्यावर पहिल्या महिन्यात घर माणसांनी भरून जाते. कोणी फळे आणतो, कोणी हातावर पैसे ठेवतो, कोणी उसासे टाकतो. सहा महिन्यांनी येणारे कमी होतात, वर्षाने कोणी फिरकत नाही. मेलेल्या माणसास खांदा द्यावयास शत्रूही धावतो. जिवंतपणी उचलावे लागणाऱ्या मुलास मात्र चार हात मिळत नाहीत. शुभवर्तमानात कफर्णहूम गावच्या एका पक्षाघाती माणसाची हकीकत आहे. त्याला चौघांनी बाजेवर उचलून आणले आणि दारात गर्दी होती म्हणून छप्पर उकलून प्रभू येशूपुढे खाली सोडले. त्या चौघांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. त्यांनी बाज उचलली आणि वाट नव्हती तेथे वाट केली, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. अशा घरास हवी असते ती मदत नेमकी हीच.

ही मदत ठरलेली आणि नेमाची असावी. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणणाऱ्यास कोणी काही सांगत नाही. त्याऐवजी ‘मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री दोनची कूस आम्ही बदलू’ असे जो म्हणतो, तो आईस सलग झोप देतो. अर्थात कूस कशी बदलावी, कणा न पिळता मूल कसे उचलावे, हे त्याने आधी शिकून घेतले पाहिजे. सुताराने दाराचा उंबरा काढून द्यावा, गवंड्याने पायरीशेजारी उतार बांधावा, न्हाणीचे दार चाकाची खुर्ची जाईल एवढे रुंद करावे. वडिलांची मजुरी बुडत असेल तर त्यांच्या वाटणीचे ओलीत एखाद्या शेजाऱ्याने करावे. धाकट्या भावंडांस कोणी जवळ बसवून अभ्यास घ्यावा. अशा घरांतील निरोगी मुले पुष्कळदा विसरली जातात.

कागदपत्रांचे काम हा एक निराळाच डोंगर आहे. मूल बोलते मराठी, औषधोपचार होतो महाराष्ट्रात, आणि दाखले मिळवायचे मध्य प्रदेशात, हिंदीतून. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा निघाला, तथापि अर्ज लिहिणे, समग्र क्रमांक जुळविणे, दिव्यांग ओळखपत्रासाठी मुलास तपासणीस नेणे या गोष्टी अंथरुणाशी बांधलेल्या आईबापांस सोप्या नाहीत. आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबास वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतचा रुग्णालयातील उपचार मिळतो आणि योजनेत नोंदलेल्या परराज्यातील रुग्णालयातही तो घेता येतो. परंतु घरी रोज लागणाऱ्या नळ्या, गादी, पुसण्याचे कापड यांचा खर्च घरावरच पडतो. केंद्राच्या एडिप योजनेखाली चाकाची खुर्ची मिळू शकते. मात्र मूल वाढते, खुर्ची वाढत नाही, म्हणून पुन्हा अर्ज करावा लागतो. ज्याला दोन ओळी हिंदीत लिहिता येतात अशा एखाद्या तरुणाने हे काम अंगावर घेतले तर त्या घराचे निम्मे ओझे उतरेल.

शाळेचे कर्तव्य याहून मोठे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, ठरलेल्या प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलास घरी शिकण्याची मुभाही मिळाली. ही मुभा म्हणजे मुलाचे नाव पटावर ठेवून त्याला विसरण्याचा परवाना नव्हे. शिक्षकाने घरी जावे, वर्गातील मुलांनी पाळीपाळीने वह्या पोहोचवाव्यात, आणि शक्य होताच मुलाने वर्गात येऊन बसावे.

सौंसरजवळ जामसावळीस निजलेल्या मुद्रेतील मारुतीचे स्थान आहे. अनेक दुखणाईत तेथे येतात. नवस हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय. नवसापायी कूस बदलणे आणि नळीची वेळ चुकू नये, एवढेच पाहावे. ज्या मुलखात निजलेल्या मारुतीच्या सामर्थ्याविषयी कोणास शंका येत नाही, त्या मुलखात निजून असलेल्या मुलाच्या बुद्धीविषयी शंका का घ्यावी? ‘कोणत्या जन्मीचे पाप’ असे शब्द तर त्या उंबऱ्याच्या आत उच्चारूच नयेत. मुलाचे कान शाबूत असतात.

असे मूल पुढे काय होणार, ही आईबापांची खरी चिंता. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे कमरेखालील शरीर वयाच्या सोळाव्या वर्षी निकामी झाले. त्या शिकल्या, सरकारी नोकरी केली आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारून त्यांनी अनेक अपंग मुलांच्या शिक्षणाची व निवासाची सोय केली. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. प्रत्येक मूल पदक आणील असे नाही, आणि आणलेच पाहिजे असेही नाही. पण खुर्चीवर बसून शिकणे, कमावणे आणि चार माणसांत वावरणे हे त्याच्या आवाक्यात आहे. मात्र तोवर त्याची त्वचा, मूत्रपिंडे आणि उमेद जपली गेली पाहिजेत.

आपल्या वॉर्डात किंवा टोलीत असे घर असेल तर आज संध्याकाळी तेथे जावे. फळे नेली नाहीत तरी चालेल. आईला एवढेच विचारावे की रात्रीची कोणती वेळ तिला सर्वांत जड जाते. आणि ती वेळ आपल्याकडे मागून घ्यावी.