ताजमहाल हॉटेल आणि आपले पोळीभाजी केंद्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठे व्याख्यान मला जमणार नाही. परंतु आपण पोळीभाजी केंद्र काढायचे ठरवले, तेव्हा काही घरांतून सूर निघाला, "लोकांना रांधून घालणे हे का भल्या घरच्या बायकांचे काम?" म्हणून आज मी अपोलो बंदरावरच्या ताजमहाल हॉटेलची हकिगत सांगणार आहे.

हे हॉटेल जमशेटजी टाटांनी बांधले. पोलादाच्या कारखान्याचे बेत करणारा भाऊ हॉटेल काढतो आहे हे ऐकून त्यांच्या बहिणीने 'भटारखाना काढणार की काय' म्हणून नाक मुरडले, असे सांगतात. म्हणजे नाके तेव्हाही मुरडली जातच होती! 1896 साली मुंबईत प्लेग शिरला. माणसे शहर सोडून पळत होती. अशा दिवसांत त्यांनी हे काम उचलले. 16 डिसेंबर 1903 ला हॉटेल उघडले. गेटवे ऑफ इंडिया पुरे झाले 1924 साली, म्हणजे कमान धाकटी आणि हॉटेल थोरले.

नकाशे करणारांत सीताराम खंडेराव वैद्य हे आपल्याकडचे गृहस्थ होते. इमारत पुरी होण्याआधीच ते वारले. पुढचे काम चेंबर्स नावाच्या इंग्रजाने तडीस नेले. इमारत उलटी बांधली गेली म्हणून साहेबाने जीव दिला, ही आपण ऐकलेली गोष्ट खरी नव्हे. मुख्य दार आधी शहराच्या बाजूस होते आणि समुद्राचा वारा खोल्यांना मिळत होता, इतकेच.

पुढे काळ पालटत गेला. पहिल्या महायुद्धात तेथे 600 खाटांचे इस्पितळ झाले. 28 फेब्रुवारी 1948 ला शेवटची गोरी पलटण समोरच्याच गेटवेतून निघून गेली. राजे गेले, साहेब गेले, पण पाहुण्यांचा राबता थांबला नाही. 1973 साली शेजारी उंच मनोरा उभा राहिला.

आणि मग 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र आली. अतिरेकी आत शिरले, गोळीबार झाला, आग लागली. तीन दिवस आपण सारे दूरदर्शन संचापुढे खिळून होतो. त्या वेळी तेथले वाढपी, आचारी, टेलिफोनवरच्या मुली यांना मागची दारे ठाऊक होती. तरी कितीतरी जण थांबले आणि पाहुण्यांना आधी बाहेर काढले. त्यात काहींचे प्राण गेले. मुख्य व्यवस्थापकांची पत्नी आणि दोन मुले वरच्या मजल्यावर आगीत गेली, तरी ते गृहस्थ कामावर उभे राहिले. 15 ऑगस्ट 2010 ला जुनी वास्तू दुरुस्त होऊन पुन्हा पुरी उघडली.

भगिनींनो, घुमट आणि झुंबरे पैशाने होतात. आलेल्या माणसाला आपला मानणे पैशाने होत नाही. ते ज्यांनी केले, त्यांच्या हाती ताटे आणि झारेच होते. मग पोळी लाटणारा हात हलका कसा?

केंद्रासाठी अजून चार जणी हव्या आहेत. सासूबाईंना विचारायला संकोच वाटत असेल, तर मी बरोबर येते. नावे आजच कार्यवाह बाईंकडे द्यावीत, ही विनंती करून मी आपली रजा घेते.