आधी पडावयास शिकवा



उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आमच्या औशापासून थेट लातूरपर्यंत शाळांच्या फाटकांवर आणि चौकांतल्या फलकांवर शिबिरांच्या जाहिराती लागतात, आणि पोहणे, चित्रकला, कराटे यांच्या पंक्तीला अलीकडे स्केटिंगही येऊन बसले आहे. याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र ही शिबिरे ज्या रीतीने चालवली जातात, आणि त्याहूनही ज्या रीतीने आपण पालक ती चालवावयास लावतो, त्याविषयी मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. आणि ती अर्धवट ऐकली जाण्याचे भय वाटत असल्यामुळे मी ती आरंभी सांगणार आहे, मध्ये सांगणार आहे आणि वेळ उरल्यास शेवटीही सांगणार आहे. ती अशी, की नवशिक्या मुलांच्या जथ्याला पहिले चार दिवस धावावयास शिकवू नका; पडावयास, उठावयास आणि थांबावयास शिकवा.

स्केटिंगची ही विद्या मूळची बर्फाची आहे हे आपणांस ठाऊकच आहे. सिमल्यात 1920 सालापासून उघड्यावर बर्फाचे रिंगण तयार होते. सायंकाळी जमिनीवर पाणी शिंपडावयाचे, रात्रीच्या थंडीने ते गोठावयाचे आणि ऊन चढण्यापूर्वी सकाळी व ऊन उतरल्यावर सायंकाळी मंडळींनी त्यावर घसरावयाचे, असा तेथील हिवाळ्याचा शिरस्ता आहे. कृत्रिम बर्फाला मात्र फरशीखालून नळ्यांचे जाळे, त्यांतून अहोरात्र फिरणारे शून्याखालचे खारे पाणी आणि त्यामागे अखंड वीज लागते. मुंबईला गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये तसे रिंगण होते. ज्या लातुरास 2016 साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या मुलुखात असल्या रिंगणाची तजवीज कोणी मागू नये, आणि मागण्याचे कारणही नाही. चाकांचे स्केट ही त्याच विद्येची कोरड्या जमिनीवरची शाखा आहे. एका ओळीत चाके असलेले आजचे स्केट 1980 च्या सुमारास अमेरिकेत ज्या बंधूंनी लोकप्रिय केले, ते बर्फावरील हॉकीचे खेळाडू होते आणि उन्हाळ्यातही सराव चालू राहावा हाच त्यांचा हेतू होता. एरिन जॅक्सन ही फ्लोरिडासारख्या उष्ण प्रांतातील ओकाला गावची मुलगी. ती चाकांवर वाढली, पुढे बर्फावर गेली, आणि 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये पाचशे मीटरच्या शर्यतीत तिने सुवर्णपदक मिळवले. तेव्हा औशाच्या मुलाने सिमेंटच्या पटांगणावर जे शिकावयाचे तेच बर्फावरही शिकावयाचे असते, आणि दोन्हीकडे पहिला धडा एकच आहे.

हा धडा बर्फाच्या देशांत किती गांभीर्याने घेतात ते पाहा. अमेरिकेत लहान मुलांच्या सामुदायिक वर्गासाठी जो क्रम आखून दिलेला आहे, त्याच्या पहिल्या पायरीतील पहिले काम बर्फावर नसतेच. स्केट पायांत चढवून कोरड्या जमिनीवर बसावयाचे आणि उठावयाचे, एवढेच ते काम. मग तेच बर्फावर. मग जागच्या जागी पावले उचलणे, मग आठदहा पावले चालणे, आणि त्यानंतर दोन्ही पायांवर जराशी घसरण. कॅनडात तर हेल्मेट घातल्याशिवाय नवशिक्याला वर्गात पाऊल टाकता येत नाही. ज्यांच्या तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या बर्फ जमत आला, ते लोक जर मुलाला पहिल्यांदा बसावयास आणि उठावयास शिकवतात, तर आपण पहिल्याच सकाळी त्याला ढकलून मोकळे व्हावे हे कोणत्या हिशेबात बसते?

आता पडावयाचे कसे, हे सांगतो. तोल जातो आहे असे वाटताच माणूस स्वभावतः दोन गोष्टी करतो: अंग ताठ करून मागे रेलतो आणि हात मागे टेकण्यासाठी पसरतो. मागे रेलले की डोके आपटते, आणि पसरलेल्या तळहातावर सारा भार आला की मनगट मोडते. नवशिक्यांच्या दुखापतींत मनगटाचे हाड पुढे असते ते याचमुळे. म्हणून मुलाला सांगावे, की गुडघे वाकव, आणखी वाकव, हात समोर ठेव, हनुवटी छातीकडे घे आणि एका अंगावर, मांडीच्या मांसल बाजूवर, बसता बसता लवंड. बर्फावर पडल्यावर मुठी ताबडतोब मिटून हात जवळ घ्यावयाचे असतात, कारण मागून येणाऱ्याच्या पात्याखाली बोटे सापडू शकतात. चाकांवर तो धोका कमी, तरी सवय तीच लावावी. मग उठणे: दोन्ही गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवे व्हावे, एक पाय पुढे रोवावा, दोन्ही तळवे त्या गुडघ्यावर ठेवावे आणि त्यावर भार देऊन उभे राहावे, उभे राहताच टाचा जवळ आणि चवडे बाहेर ठेवावे, म्हणजे चाके पळत नाहीत. गुरूने एकदा करून दाखवले म्हणजे हे येते असे नाही. ते पाचपन्नास वेळा, हेल्मेट, नी-गार्ड, एल्बो-गार्ड आणि मनगटाची पट्टी चढवून, आधी सतरंजीवर आणि मग फरशीवर, ठरवून करावे लागते. म्हणजे प्रत्यक्ष पडण्याच्या क्षणी, जेव्हा विचारास अवसर नसतो, तेव्हा शरीरच ते करते.

आपल्या घरांत लेकराला भाकरी शिकवताना आई काय करते, ते आठवावे. ती त्याला पहिल्याच दिवशी तव्यापुढे बसवीत नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हाच्या कणकेसारखा चिवटपणा नसतो. ते कढत पाण्यात भिजवून, काठवटीत तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळावे लागते, तेव्हा कोठे त्याला विरी येते. मळणे साधल्यावर उंडा, उंडा साधल्यावर थापणे. आणि थापता थापता कडेला भेग पडून भाकरी फाटली, तर आई ती फेकून देत नाही आणि लेकरालाही उठवून लावीत नाही. फाटलेले पीठ गोळा करते, पाण्याचा हात लावते, पुन्हा मळावयास देते आणि म्हणते, थाप परत. काठवटीतले हे मळणे आणि फाटल्यावर पुन्हा गोळा करणे म्हणजेच स्केटिंगमधले पडणे आणि उठणे होय. मळण्यात कसूर राहिली तर भाकरी उचलताना हातातच मोडते, आणि कशीबशी तव्यावर पडली तरी फुगत नाही व तिला पापुद्रा सुटत नाही. त्या वेळी तव्याला किंवा जाळाला दोष देऊन काय उपयोग? त्याचप्रमाणे जे मूल दुसऱ्या आठवड्यात भेदरून स्केट कोपऱ्यात टाकते, त्याच्या पायांत किंवा धैर्यात उणीव नसते, त्याचे पीठच मळले गेलेले नसते. तवा तापलेला आहे, घरातली माणसे ताटावर बसली आहेत, म्हणून मळणे थोडक्यात उरकणारी सुगरण मी मराठवाड्यात पाहिलेली नाही. मग पटांगणाच्या कडेला उभे राहून आपणच गुरूला घाई का करावी?

येथे मला आपणां पालकांना थोडे रागे भरावयाचे आहे, आणि ते आपलेपणाने आहे असे समजावे. मूल लवंडले की आपण "धर, धर" म्हणून ओरडतो. त्या हाकेने ते मान वळवून आपल्याकडे पाहते आणि तोल हमखास जातो. आपण त्याच्या बगलेत हात घालून त्याला चालवतो, म्हणजे त्याचा भार त्याच्या पायांवर येतच नाही आणि तोल कोठे आहे हे त्याला कळत नाही. आपण वाढत्या पायाचा हिशेब करून दोन अंगुळे मोठे स्केट घेतो, आणि मग आत पाऊल हलते, घोटा आत कलंडतो आणि मूल पायांत दुखते म्हणून रडते. स्केट पायाला घट्ट बसला पाहिजे आणि घोट्यापाशी नाडी किंवा पट्टा आवळलेला पाहिजे; कपड्यांच्या खरेदीचे गणित येथे लागू पडत नाही. आणि सर्वांत मोठी आपली चूक ही, की आठव्या दिवशी आपण गुरूला विचारतो, स्पर्धा केव्हा? बिचारा गुरू काय करील? शिबिराची मुदत पंधरा दिवसांची, फी आपण दिलेली, समारोपाला फोटो हवा. तो पडण्याचे चार दिवस गाळतो आणि मुलांना दोरीच्या कडेने पळवू लागतो. म्हणून म्हणतो, की हे चार दिवस त्याला आपणच दिले पाहिजेत.

आणि हे जथ्याने का शिकावे? शिकवणी लावून एकट्याला शिकवणे पुष्कळांना प्रतिष्ठेचे वाटते. परंतु एकटे मूल पडले की ते पडणे सर्वांच्या नजरेत भरते. वीस मुलांच्या ओळीत गुरूच्या शिटीबरोबर वीसही मुले एकदम खाली बसतात आणि एकदम उठतात, तेव्हा पडण्यातली लाज जाते आणि तो एक खेळ होतो. शेजारची पोर कशी उठली हे पाहून मूल जे उचलते ते गुरूच्या दहा वाक्यांतून उचलत नाही. शिवाय ओळीत दोन हातांचे अंतर राखणे, सर्वांनी एकाच दिशेने फिरणे, पुढचा पडला तर त्याला वळसा घालणे, ही शिस्त एकांतात शिकवता येतच नाही. ज्याला ती आली त्याला उद्या रस्त्यावर सायकलही नीट चालवता येईल.

थांबण्याविषयी दोन शब्द. चाकांच्या स्केटच्या इतिहासात मर्लिन नावाच्या कारागिराची हकीकत सांगतात. अठराव्या शतकात लंडनच्या एका मेजवानीत तो स्वतः बनवलेले चाकांचे स्केट घालून, हातातले व्हायोलिन वाजवीत दिवाणखान्यात शिरला; वेग आवरण्याची किंवा वळण्याची सोय त्याच्यापाशी नव्हती, आणि तो समोरच्या मौल्यवान आरशावर जाऊन आदळला; आरसा फुटला, व्हायोलिन मोडले आणि तो स्वतः जबर जखमी झाला. वाकून भार टाकला की वळतील असे स्केट अमेरिकेत प्लिम्प्टनने 1863 साली बनवले, म्हणजे मध्ये शंभर वर्षे गेली. आपल्या मुलांना ती शंभर वर्षे पुन्हा भोगावयास लावण्याचे प्रयोजन नाही. मागचा पाय पुढच्याच्या टाचेमागे आडवा धरून अलगद घासत थांबावयाचे असते. आणि मूल ते पाच पावलांच्या वेगात करू शकत नसेल, तर त्याला सहावे पाऊल टाकू देऊ नये.

या शिक्षणाचे फळ कोठवर जाते, तेही सांगावयास हवे. 2 ऑक्टोबर 2023 रोजी हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धांत चाकांच्या स्केटिंगमधील तीन हजार मीटरच्या सांघिक शर्यतीत भारताच्या मुलींनी आणि मुलांनीही कांस्यपदक मिळवले. मुलांच्या चमूत विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे ही आपल्या कानांना ओळखीची नावे होती. त्याच शर्यतीत पुढे असलेल्या दक्षिण कोरियाच्या खेळाडूने रेषा ओलांडण्यापूर्वीच विजयाचे हात उंचावले, आणि तैवानच्या खेळाडूने पाय पुढे टाकून एक शतांश सेकंदाने सुवर्ण नेले. त्याच भारतीय चमूतील आनंदकुमार वेलकुमार हा 2025 साली चीनमधील स्पर्धेत एक हजार मीटरमध्ये जगज्जेता झाला. मुलींच्या पदकाचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण गुडघ्याला खरचटले तर डाग राहील, या सबबीवर आमच्याकडे मुलींची नावे शिबिरातून काढून घेतली जातात. नीट पडावयास शिकलेल्या आणि नी-गार्ड घातलेल्या मुलीच्या गुडघ्याची एवढी चिंता नको. या बाबतीत आणखी पुष्कळ बोलण्यासारखे आहे, आणि चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीपुरुषांनीही हे का शिकावे याविषयीही मी काही टिपून आणले होते. परंतु घड्याळाचा काटा पुढे गेला आहे, तेव्हा ते राहू द्या.

उरलेल्या वेळात मंडळांना एक विनंती. औशात आणि आसपासच्या गावांत शाळांची प्रांगणे, मंगल कार्यालयांची अंगणे आणि मंडळांच्या मालकीची मोकळी सिमेंटची जागा पुष्कळ आहे, आणि सुटीत ती रिकामी असते. सकाळी सहा ते आठ ही वेळ राखावी, कारण आमच्याकडे वैशाखात नऊनंतर फरशी तापते. फरशी झाडून खडे वेचावे, कारण एवढासा खडा चाकाला अडला तरी मूल तोंडावर येते. पावसाचा शिंतोडा पडला तर त्या दिवशी सुटी द्यावी. दहाबारा मापांचे स्केट आणि तितकीच हेल्मेटे मंडळाने वर्गणीतून घेऊन ठेवावी आणि मुलांना आळीपाळीने द्यावी, म्हणजे ज्या घरात स्केट विकत घेण्याची ऐपत नाही तेथील लेकरूही ओळीत उभे राहील. आणि शिबिराच्या पत्रकावर स्पष्ट छापावे: पहिले चार दिवस पडणे, उठणे आणि थांबणे. हे वाचून ज्या पालकाला नाव परत घ्यावेसे वाटेल त्याला आदराने घेऊ द्यावे. बाकीच्यांनी चार दिवस हात मागे बांधून कडेला उभे राहावे, आणि मूल पडले की गुरूच्या आधी धावत जाऊ नये. ते उठेल, त्याला उठू द्या.